थंडा मामाची लाल पेटी

माझा मामा कुठल्याही हॉटेलात शिरला की मालकाशी रामराम करायच्या आधी कोपऱ्यातल्या थंड्याच्या पेटीला हात लावायचा. तळहात पेटीच्या कुशीवर ठेवून, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा उभा राहायचा. मग म्हणायचा, “दम लागतोय हिला.” मालक वैतागायचा. दोन दिवसांत पेटी बंद पडली की तोच मालक मामाला शोधत आमच्या वळ गावापर्यंत यायचा. सगळा गाव त्याला थंडा मामा म्हणे. तो स्वतः मात्र जन्मभर कोरा चहा प्यायला. सोड्यानं त्याला उचकी लागायची.

भिवंडीत फ्रिज दुरुस्त करता करता त्याला हा नाद लागला. नाणं टाकून मूठ ओढली की बाटली बाहेर देणाऱ्या जुन्या पेट्या तो गोळा करायचा. बंद पडलेल्या थिएटरातल्या, कंपन्यांच्या कँटीनमधल्या, कुठल्या क्लबातल्या. भाऊबंदांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, भाड्यावर पोरांनी गाड्या घेतल्या. मामानं आपल्या वाट्याच्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकून त्यात पेट्या भरल्या. भंगारवाला म्हणायचा, “मामू, ये लोहे के भाव का माल है.” मामा मान हलवायचा आणि पेटी टेम्पोत चढवायचा.

सगळ्या पेट्या जगत नाहीत हे त्याला माहीत होतं. एकीचा पंखा दुसरीला, दुसरीची मूठ तिसरीला, असं करूनच त्या उभ्या राहात. पण कुठली तोडायची हे ठरवताना त्याचा जीव वरखाली होई. म्हणून त्यानं एक रीत पाडली होती. दसऱ्याला शेडमध्ये पूजा व्हायची. जी पेटी जगवायची तिला झेंडूचा हार. जिला हार नाही ती दुसऱ्या दिवशी खोलायची आणि सांगाडा भंगारात. “फूल न्हाय तिचा मोह न्हाय,” असं म्हणून तो पाना उचलायचा. घरातल्या सगळ्यांना ही रीत पाठ होती.

हार एकाही वर्षी चुकला नाही तो लाल पेटीचा. ती भिवंडीतल्या एका बंद पडलेल्या थिएटरातली. लग्नानंतर मामीनं पहिला थंडा तिच्यातलाच प्यायला होता. मामी गेली तेव्हा पेटी शेडमध्ये आलेली होती, पण गार होत नव्हती. नाणं टाका, बाटली येई, कोमट. तिच्या जातीचा कॉम्प्रेसर मिळता मिळेना. “एक बाटली गार देऊ दे, मग मी मोकला,” मामा म्हणायचा. मी त्याला चिडवायची की मामीपेक्षा हिचीच सेवा जास्त झाली. तो हसायचा नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मानकोलीच्या भंगारात त्याला तसा कॉम्प्रेसर सापडला. तो बसवून त्यानं मला फोन केला. पेटीच्या आत बर्फाची साय धरली होती म्हणे. पहिली बाटली दसऱ्याला काढायची, मी यायचंच. त्याच दसऱ्यानंतर शेडही पडणार होती, कारण त्या तुकड्यावर गोदाम करायला शेवटी मामानंही होकार दिला होता. बापलेकाचं ठरलं होतं: हार असलेल्या पेट्या घराच्या पडवीत न्यायच्या, बाकीच्या भंगारात द्यायच्या.

दसऱ्याच्या तोंडावर मामाला झटका आला. वाचा गेली. दसऱ्याचा दिवस मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी काढला. घरी चूल धड पेटत नव्हती, तिथे शेडमध्ये हार कोण घालणार?

निलेश, मामाचा मुलगा, वाईट नाही हे मुद्दाम सांगते. वाईट असता तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. ठेकेदार दारात उभा होता. निलेश शेडमध्ये गेला, त्यानं बघितलं, एकाही पेटीला फूल नव्हतं. त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. आपण बापाची रीतच पाळतोय असं त्याला वाटलं. मला कळलं तेव्हा मी धावत भंगारात गेले. लाल पत्र्याचे तुकडे ढिगात दिसत होते.

दिवाळीनंतर मामाची वाचा थोडी परतली आणि त्याला घरी आणलं. काठी टेकत तो आधी शेडकडे निघाला. तिथे सिमेंट ओतत होते. निलेश खाली मान घालून उभा राहिला.

“लाल पेटीला फूल नव्हता?” मामानं विचारलं.

“नव्हतं, बाबा.”

“मंग बराबर केलंस,” मामा म्हणाला आणि त्यानं काठी वळवली.

मला वाटतं, त्यानं लेकाला एक तडाखा दिला असता तर स्वतः जगला असता. त्यानंतर त्यानं कुठल्याच पेटीला हात लावला नाही. नाक्यावरच्या हॉटेलातली पेटी घरघरत असायची, मामा तिच्याकडे पाठ करून चहा प्यायचा. होळीच्या आधी तो गेला.

आता तिथे गोदाम आहे. फाटकाजवळ हमालांसाठी नवं मशीन ठेवलंय. मोबाइल दाखवला की गार बाटली खाली पडते. यंदा दसऱ्याला गेले तेव्हा निलेश भल्या सकाळी त्या मशीनला झेंडूचा जाडजूड हार घालत होता. मला बघून म्हणाला, “ताई, हार चुकवायचा न्हाय. बाबांनी शिकवलंय.”

मी मशीनच्या कुशीवर हात ठेवला. चांगलं गार होतं.