पाढा वाचायचा राहिला

ऑफिसात तिला सगळे मौनीताई म्हणत. लहान मुलांच्या औषधाची मात्रा ठरवणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते बरोबर चालतं का, हे तपासणाऱ्या टेस्ट ती लिही. पहिली चूक सापडली की टेस्ट तिथेच थांबे. प्रोग्रामरने ती दुरुस्त केली की दुसरी डोकं वर काढी.

"ताई, रोज एक नवं झेंगट! काय ते एकदाच सांगून टाका ना," प्रोग्रामर वैतागला.

तिने टेस्ट बदलल्या. आता चूक सापडली तरी थांबायचं नाही. पोटात ठेवायची, पुढे जायचं आणि शेवटच्या ओळीत सगळा पाढा वाचायचा.

त्या दिवसापासून स्क्रीन हिरवागार, म्हणजे एकही चूक नाही. साहेब खूश. "ताईंचा हात लागला की चुका पळ काढतात!" शुक्रवारी सॉफ्टवेअर दवाखान्यांत जाणार होतं. त्यानंतर ताई टीमची प्रमुख.

गुरुवारी सकाळी नवरा चहा ढवळत म्हणाला, "माझी बहीण अजून थोडे दिवस राहील. तू काही बोलत नाहीस, म्हणजे तुला चालतंय."

नणंद राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. ताईने तोंडातून ब्र काढला नव्हता. सगळं नीट साठवून ठेवलं होतं.

तिला ऑफिसातला हिरवा स्क्रीन आठवला. तोही काही बोलत नव्हता. मग ती तडक ऑफिसात गेली.

टेस्टमध्ये चुका साठवणाऱ्या ओळी जागच्या जागी होत्या. पाढा वाचायची ओळच नव्हती. ती लिहायची तिच्याकडूनच राहिली होती. गप्प बसलं तर उद्या प्रमुखपद. आणि परवा कुठल्यातरी लेकराच्या चमच्यात दुप्पट औषध.

तिने ओळ लिहिली. स्क्रीन लालभडक झाला.

"अहो, काल तर सगळं हिरवं होतं!" साहेब ओरडले.

"चुका सापडत होत्या, साहेब. सांगायचं राहिलं. माझ्याकडून."

शुक्रवार रद्द झाला. प्रमुखपदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. प्रोग्रामर डोकं धरून बसला. "एकदम एवढं, ताई? एकेक तरी सांगायचं!"

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. "आज उशीर?"

"बस जरा. बहिणीलाही बोलाव."

ती बोलत राहिली. नणंदेने टीव्ही बंद केला. नवऱ्याचा चेहरा उतरत गेला.

"अगं, इतकं सगळं? एकेक तरी सांगायचंस!"

ताईला हसू फुटलं.

"मधे थांबवू नकोस," ती म्हणाली. "अजून संपलं नाही."