मामंजींचं वाळवंट

माझे सासरे कतारमध्ये, दोह्याला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि डोक्याला टोपी घालून हॉलमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, “चला. वाळवंट कुठे आहे?”

मी पोळ्या लाटत होते. मला हसूच आलं. आम्ही राहायचो अल मुंतझामध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दिसायचं ते समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, खालचं शिंप्याचं दुकान आणि त्याच्या शेजारचा केरळी किराणावाला. वाळवंट चहूबाजूंनी होतं म्हणतात, पण तीन वर्षांत मीसुद्धा ते खिडकीच्या फटीतून आत येणाऱ्या धुळीपलीकडे पाहिलं नव्हतं.

मामंजींनी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. सहारा, अरबस्तान, थर, सगळी वाळवंटं त्यांना तोंडपाठ. कुठे किती पाऊस पडतो, उंटाच्या पायाला गादी का असते, वाळू दिवसा तापते आणि रात्री गार का पडते, काहीही विचारा. पण प्रत्यक्ष वाळवंटात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मुलाला कतारमध्ये नोकरी लागली तेव्हा पगार किती, घर कसं, यातलं काही न विचारता त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं, “मला एकदा वाळवंट दाखव.” आता ते दोन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. वय सत्तरीच्या पुढे आणि कंबर दुखरी. पुन्हा येणं होईल असं ना ते म्हणत होते, ना आम्ही.

सुरुवातीला आम्ही त्यांना समुद्राकाठच्या कॉर्निशवर नेलं. त्यांनी शांतपणे समुद्र पाहिला आणि म्हणाले, “चांगला आहे. पण समुद्र मी रत्नागिरीलाही पाहिलाय.” पुढच्या शुक्रवारी उत्तरेला मदिनत अश शमालच्या रस्त्याने लांब फिरवून आणलं. दोन्ही बाजूंना सपाट, खडेच खडे असलेली जमीन. “हे दगडी वाळवंट,” मामंजी म्हणाले. “वाळूचं कुठे आहे? टेकड्या असलेलं?” मास्तर माणूस. त्यांना फसवणं शक्य नव्हतं.

टेकड्या दक्षिणेला होत्या, उम्म सईदच्या पुढे. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत हा बेत मामंजींना मान्य नव्हता. वाळवंट मावळतीलाही पाहायचं आणि उगवतीलाही. म्हणजे मुक्काम करणं आलं. आता तंबूत जमिनीवर झोपले तर त्यांची कंबर सकाळी उठणार नाही, आणि पहाटे गरम पाण्याने आंघोळ झाल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. यावर उपाय सापडला तो आमच्या ह्यांच्या ऑफिसात. एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्यात एक दोन चाकी ट्रेलर होता, गाडीच्या मागे जोडून ओढायचा. आत दोन पलंग, एक बाक, मागच्या भिंतीला चिमुकलं स्वयंपाकघर आणि खिडक्यांना गुलाबाच्या फुलांचे पडदे. आमचं न्हाणीघर त्याहून फार लहान नसेल. पण आमच्या मुलीने तो पाहिला आणि आनंदाने किंचाळली, “आय वॉन्ट द विंडो बेड!” आठ वर्षांची होती, इंग्रजी शाळेत जायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र कायम इंग्रजीत.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि बैठका जास्त होऊ लागल्या. अध्यक्षस्थानी अर्थातच मामंजी. हे इंजिनियर, त्यामुळे त्यांनी आलेखाच्या कागदावर ट्रेलरचा नकाशा काढला, कुठलं सामान कुठे ठेवायचं ते आखलं, प्रत्येक वस्तूचं वजन शेजारी लिहिलं. ट्रेलरबरोबर एक छापील पुस्तिका आली होती, ती ह्यांनी पोथीसारखी वाचून काढली. मुलीने आपली वेगळी यादी केली, तिच्यात रंगपेटी आणि दुर्बीण होती. त्या घरात तितकं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. कामावरून आल्यावर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसणारे हे आता दारातूनच विचारायचे, “नाना, पाण्याचे ड्रम किती धरायचे?” आणि बापलेक दोन तास वाद घालायचे. मला फार बरं वाटायचं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण नवरा लहानपणी कसा असेल ते मला त्या महिन्यात कळलं.

माझं आणि ह्यांचं बिनसलं ते खाण्यावरून. ह्यांच्या यादीत होतं पाव, डब्यातले मटार, उकडलेली अंडी आणि कोरडी बिस्किटं. “कमीत कमी वजन,” हे म्हणाले.

“आपण वाळवंट बघायला चाललोय की उपास करायला?” मी म्हटलं.

“दोन रात्रींचा तर प्रश्न आहे.”

“दोन रात्री तुम्ही खा मटार. मामंजी नाही खाणार.”

माझा स्वभाव तापट, हे मी कबूल करते. वाद संपल्यावर मी गप्प बसले असं ह्यांना वाटलं. मी गप्प बसले नव्हते. रोज दुपारी हे ऑफिसला गेले की मी खाली जाऊन ट्रेलरच्या मागच्या कपाटात एकेक वस्तू ठेवून यायची. आधी प्रेशर कुकर. मग पोळपाट-लाटणं आणि बिडाचा तवा. मग लाडवांचा, चिवड्याचा, शंकरपाळ्यांचा डबा. कणकेचा मोठा डबा, तांदूळ, तूरडाळ, लोणच्याची बरणी. इडलीपात्र आणि इडलीचं पीठ दळायचा दगडी रगडासुद्धा. आणि सगळ्यात शेवटी मामंजींच्या आंघोळीसाठी माझ्या माहेरचं तांब्याचं घंगाळ. बाई माणसाने चार लोकांना घेऊन घराबाहेर पडायचं आणि वेळेला सामान कमी पडायचं, ही कल्पनाच आमच्या घराण्यात कुणाला सोसली नसती. स्वयंपाकघर मागे होतं म्हणून सगळं मागेच ठेवलं. त्यात चूक ती काय, असं मला वाटलं.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी ह्यांनी चाचणी घ्यायची ठरवली. अबू हमूरच्या बाजूला तेव्हा रस्ते मोकळेच असायचे. जुन्या जीपला ट्रेलर जोडला, मामंजी पुढे, मी आणि मुलगी मागे. सुरुवातीला सगळं छान चाललं. हे खुशीत गुणगुणत होते. मग वेग जरा वाढला आणि ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग असा की जीपचा मागचा भाग त्याच्याबरोबर इकडून तिकडे फरफटायला लागला. ह्यांनी दात आवळून स्टिअरिंग धरलं आणि कशीबशी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मुलगी मला घट्ट बिलगली होती. मामंजींची टोपी पायाशी पडली होती.

हे उतरले, ट्रेलरभोवती फिरले, आणि मागचं कपाट उघडलं. घंगाळच आधी बाहेर आलं.

त्या रस्त्यावर आमचं जे भांडण झालं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी हे म्हणाले, “खलास. ट्रिप कॅन्सल. माझ्या म्हाताऱ्या बापाला आणि मुलीला मी असल्या डुगडुगत्या डब्यात बसवणार नाही. जीपलाही पेलत नाही हे ओझं.” मामंजींच्या व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. मी काही बोलायच्या आधी मामंजींनीच टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “राहू दे रे. नकाशात पाहिलंय की मी.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ड्रायव्हर काका आले. ते साताऱ्याकडचे, चाळिशीचे, एका कंपनीत मोठ्या गाड्या चालवायचे. बायकामुलं गावाला, इथे सहाजणांत एक खोली. दर शुक्रवारी आमच्याकडे भाकरी खायला यायचे. जमिनीची पाहणी करणाऱ्या लोकांना घेऊन ते दक्षिणेच्या वाळूत कित्येकदा गेले होते आणि आमच्या सहलीला गाडी तेच चालवणार होते. घरातले पडलेले चेहरे बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मुलीने हातवारे करून इंग्रजीतून सगळं सांगितलं. काका तसेच खाली गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

त्यांनी ट्रेलर जीपपासून सोडवला, पुढचा दांडा एका हाताने धरला आणि वर उचलला. तो अलगद वर आला. ट्रेलर मागे कलंडला आणि आत भांडी खणाणली.

“सायेब, गाडी उलाळ झालीया,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“बैलगाडी भरताना मागं लई वजं टाकलं की म्होरनं जू वर उचालतं. बैलाच्या मानंवर भारच ऱ्हात न्हाई. मग गाडी बैलाला वढती, बैल गाडीला न्हाई. वजं चाकावर पायजे. आन थोडं, अगदी थोडं, म्होरं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, सामान लई न्हाई झालं. जागा चुकली.”

हे धावत वर जाऊन ती पुस्तिका घेऊन आले. त्यात तेच लिहिलं होतं, दांड्यावर किती भार हवा ते आकृतीसकट. ह्यांनी त्याचं गणितही केलं होतं, फक्त ते माझ्या घंगाळाला धरून नव्हतं. मामंजी जिन्यातून हळूहळू खाली येत होते. “काय रे, जमेल का?” त्यांनी विचारलं. आणि ह्यांच्याआधी काकाच म्हणाले, “जमंल की गुरुजी. इन्शाल्ला कशाला, आत्ताच जमवू.”

मग काय विचारता. तिथल्या तिथे सगळं सामान बाहेर काढलं. पाण्याचे ड्रम बरोबर चाकांच्या वर, तांदूळ आणि कणीक बाकाखाली, पुढच्या अंगाला. काका मधूनमधून दांडा उचलून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी त्यांना दोन्ही हात लावावे लागले, तेव्हा म्हणाले, “आता बैल खूश.” इडलीपात्र आणि रगडा मी आपणहून घरी ठेवला. घंगाळ मात्र नाही. शिंप्याच्या दुकानातली माणसं पायरीवर उभी राहून आमची मजा बघत होती, त्यांना मी लाडू दिले. ह्यांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं, “चुकलं माझं.” मीही म्हटलं, माझंही. तसं आमच्यात सहसा होत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. काकांनी “यल्ला, चला” म्हणून गाडी सुरू केली आणि ट्रेलर शहाण्या वासरासारखा मागे येत राहिला. उम्म सईद मागे पडलं, डांबर संपलं. टेकड्यांच्या अलीकडे घट्ट जमीन होती, तिथे काकांनी ट्रेलर उभा केला. मी कुकर लावला. उघड्यावर वरणभाताचा वास सुटला आणि मला वाटलं, या सगळ्या पसाऱ्याची मालकीण मीच.

ऊन कलल्यावर मामंजींनी बूट काढले. मोजेही काढले. काठी घेतली आणि सगळ्यांत जवळच्या टेकडीकडे अनवाणी चालायला लागले. चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी होती ती, दोन्ही टोकं शिंगांसारखी पुढे आलेली. आम्ही त्यांना एकटं जाऊ दिलं. ते एका बाजूने चढले, थांबले, वाळू मुठीत घेऊन सोडली, ती कुठे उडते ते पाहिलं. खाली उतरले. पूर्ण टेकडीला वळसा घातला. मग पुन्हा एकदा घातला. मी ट्रेलरजवळून बघत होते. मला वाटलं, आता हसत येतील.

ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

“उलटं आहे,” ते म्हणाले.

“काय उलटं आहे, नाना?”

“शिंगं. वारा जिकडे जातो तिकडे त्यांची टोकं आहेत. मी फळ्यावर वाऱ्याच्या समोर काढायचो. पुस्तकातल्या आकृतीत वाऱ्याचा बाण पुसट छापला होता, मी मनानेच घातला.” ते वाळूतच बसले. “पस्तीस वर्षं. सगळ्या पोरांनी तसंच काढलं आणि मी त्यांना गुण दिले.”

ह्यांनी म्हणून पाहिलं, “एवढंसं काय त्यात, नाना,” पण ते एवढंसं नव्हतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते समोर येऊन म्हणालं की तू चुकलास. आम्हीच हट्टाने हे सगळं घडवून आणलं, असं मला वाटून गेलं.

ड्रायव्हर काका थोडे लांब, वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून जीपच्या टायरमधली हवा कमी करत होते. ते उठून आले आणि मामंजींच्या समोर मांडी घालून बसले.

“गुरुजी, मी चौथीत शाळा सोडली,” ते म्हणाले. “ह्यो धडा माझा ऱ्हायलाच हुता. मला तर कुणी चुकीचा बी शिकवला न्हाई. शिकवा की.”

मामंजींनी काठी उचलली, हाताने समोरची वाळू सपाट केली आणि चंद्रकोर काढली. बाण काढला. वारा इकडून येतो, ही बाजू उतरती, ही उभी, कण असे वर चढतात आणि पलीकडे घसरतात, म्हणून टेकडी पुढे सरकते. आवाज हळूहळू चढत गेला, वर्गातला झाला. मुलगी काकांच्या शेजारी येऊन बसली, मग हे, मग मीही हात पुसत. सगळं सांगून झाल्यावर मामंजींनी वाळूतली आकृती पुसली आणि काठी काकांच्या हातात दिली.

“काढ.”

काकांनी जीभ दातात धरून चंद्रकोर काढली. शिंगं काढली. थांबले, मान वर करून गालावर वारा घेतला, आणि बाण काढला.

मामंजी उठले, आकृतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “पैकीच्या पैकी.”