लोकसभेची बाइंडिंग

वर्तमानपत्र कापायच्या आधी चाचा पान उजेडाकडे धरायचे. एक डोळा बारीक करून मागच्या बाजूला काय छापलंय ते पाहायचे आणि मगच कात्री उचलायचे. "कापाच्या आगुदर मांगं पाह्य," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी अंजनगावकडचा, घराण्यातला पहिला पदवीधर. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी शेजारीच खोली घेतली होती आणि रोज सकाळी पेपर वाचायला चाचांकडे जायचो. "ये ग्रॅज्युएट," ते म्हणायचे, "मोठ्यानं वाच. काय झालं दिल्लीत?"

चौथी शिकलेल्या या माणसानं एक काम मनावर घेतलं होतं. एका लोकसभेची सगळी पाच वर्षं, शपथविधीपासून विसर्जनापर्यंत, कात्रणं चिकटवून एका पुस्तकात बांधायची. कोणती विधेयकं आली, कोण उठून बाहेर गेलं आणि आपल्या खासदारानं काय विचारलं. निवडणूक लागली की ते पुस्तक दुकानापुढच्या टेबलावर ठेवायचं. कोणीही यावं, उघडून पाहावं.

"काहून पन, चाचा?"

"पाच वर्सांसाठी मानूस पाठोला ना आपन? मंग तो तिथं काय करून राह्यला, हे घरी कोनाले तरी ठाऊक पाह्यजे."

खासदाराला आपण मत दिलं नव्हतं, हे ते खुशाल सांगत. "पन त्याचं चांगलं गाळाचं नाई. गाळलं तं ते पुस्तक नाई, भांडन होय."

त्यांची लेक खारपाणपट्ट्यातल्या गावात दिली होती. विहिरीला पाणी, पण खारं. "नातवाईच्या आंगोळीले साबनाचा फेस येत नाई," ते सांगायचे. खासदार त्यावर लोकसभेत कधी बोलेल, याची ते चार वर्षं वाट पाहत होते.

आणि ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी ती मी कापून नेली.

चाचा चहा सांगायला गेले होते. पेपर चाळताना मला सरकारी भरतीची जाहिरात दिसली. वयाच्या अटीत बसणारी माझी ती शेवटची संधी होती. मी त्यांचीच कात्री घेतली, जाहिरात कापली आणि कागदपत्रं गोळा करायला गावाची एसटी धरली. मागं पाहिलंच नाही.

तीन दिवसांनी परतलो, तर भोक पडलेलं पान चाचांच्या मांडीवर. कडेला 'खारपाण' एवढाच शब्द उरलेला.

"चाची म्हनते, आपल्या बकरीनं खाल्लं," ते म्हणाले. "बकरी इतकी सरळ कापते काय रे?"

वाचनालयानं अंक कापू दिला नव्हता, रद्दीवाल्यांकडं तो सापडला नव्हता.

"मोबाईलवर सापडंल," मी पुटपुटलो.

"मोबाईल बाइंड होते काय?"

कात्रण माझ्या फायलीत होतं. पण ते दिलं असतं तर चोरी कबूल करावी लागली असती. रोजचा पेपर, तो चहा, ते 'ग्रॅज्युएट' म्हणणं, सगळं जाईल असं मला वाटलं. चाचांनी तारीख घालून एक पान कोरं सोडलं. "जागा ठेवली," म्हणाले. "येईल त्याच्या चालीनं."

त्याच जाहिरातीतून मला अमरावतीला नोकरी लागली. वर्षभरानं लोकसभा विसर्जित झाल्याची बातमी वाचली. आता चाचा पुस्तक शिवायला घेणार. रविवारी पहिल्या एसटीनं अकोला गाठलं आणि कात्रण त्यांच्यापुढं ठेवलं.

"मीच कापलं, चाचा. मांगं पाह्यलं नाई."

त्यांनी ते उजेडाकडे धरलं. खाऱ्या पाण्याचा प्रश्न ओठ हलवत, सावकाश वाचला. मग कागद उलटला.

"हेच नोकरी लागली तुले?"

"हो."

"मंग त्या बकरीचं नाव काहून खराब होऊ देल्लं बे?"

बाकी सगळी कात्रणं पूर्ण खळ लावून बसवलेली. हे मात्र त्यांनी डाव्या कडेला बोटभर खळ लावून चिकटवलं. "दोनी बाजू वाचल्या गेल्या पाह्यजेत," म्हणाले.

निवडणूक लागली, पुस्तक टेबलावर आलं. विरोधी पक्षाचा एक कार्यकर्ता तावातावानं म्हणाला, "खाऱ्या पान्यावर यानं तोंड उघडलं नाई!" चाचांनी ते पान उघडून पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. "उघडलं. एक डाव उघडलं. पाच वर्सांत एकच डाव." टेबलाभोवती जमलेले दोन्ही पक्षांचे लोक तोंड पाडून गेले. चाचा दिवसभर खूश होते.

गेल्या वर्षी चाचा गेले. दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. पुस्तक त्याच टेबलावर आहे. अकोल्याला गेलो की मी ते उघडतो. सगळी पाच वर्षं आपापल्या पानावर घट्ट बसलेली आहेत. ते एक कात्रण तेवढं पंख्याच्या वाऱ्यानं उचललं जातं आणि त्याची मागची बाजू दिसते.