सुंदर चेष्टा

प्रमोदभाऊ गाण्याच्या कार्यक्रमाला आले की खुर्ची फिरवून स्टेजकडे पाठ करून बसायचे. नवख्याला वाटे, काय उर्मट माणूस आहे! "मी आयकाले आलो, पाहाले नाही," एवढंच म्हणायचे. आज ते पुण्यात असतात आणि दोन-तीन सुरांवर अख्खी रचना उभी करणारे संगीतकार म्हणून ओळखले जातात. हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात मात्र ते एका हिंदी साप्ताहिकात गाण्यांवर लिहायचे. घरी मराठी, लिहायला हिंदी. सगळा घोळ तिथेच झाला.

माझी मोठी बहीण कुंदाताई भरवेलीच्या एका कार्यक्रमात गायली. छापून आलं, 'कुंदा ने तार सा तक पहुँचने की सुंदर चेष्टा की।' आई पडली महाराष्ट्राच्या सीमेवरच्या राजेगावची, तिनं ते मराठीतच वाचलं. "मेल्यानं माह्या पोरीची चेष्टा केली!" ताईची पेटी पलंगाखाली गेली. घरात गाणं नाही म्हटल्यावर मला तर घर खायला उठायचं.

मी भाऊंना रस्त्यात गाठून चांगलं सुनावलं. बिचारे लगोलग घरी आले.

"ताई, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश वो. मी चांगलंच लिहलं."

"कोशिश? म्हंजे सा लागला नाही?" ताईनं विचारलं.

दुसरा कोणी खोटं बोलून मोकळा झाला असता. भाऊ म्हणाले, "नाही लागला."

झालं! आईनं त्यांच्या पुढचा चहा उचलून नेला.

"शब्दाचं काही खरं नाही बाप्पा," जाताना मला म्हणाले, "राजेगावचा पूल वलांडला का मतलब पलटते."

काही दिवसांनी ते ताईसाठी एक चाल घेऊन आले. तीनच सूर, तेच ते फिरून फिरून. वरचा सा नाहीच.

"मले जमत नाही म्हणून सोपं केलं का?" ताई फणकारली.

"सोपं? गाऊन त पाहा."

ताईनं गायलं आणि मध्येच थांबली. एक सूर जरा हलला तरी उघडा पडत होता, लपायला जागाच नव्हती. मग मात्र ती हट्टालाच पेटली. पेटी बाहेर आली. सकाळ-संध्याकाळ तेच तीन सूर ऐकून शेजारी वैतागले, मी खूश. भाऊंची ती पहिली रचना. पुढे त्यांनी पेपरातलं लिहिणं सोडलं आणि पुण्याला निघाले.

आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. ताईनं तिथंच, हलक्या आवाजात, ते तीन सूर म्हटले.

"आता सांगा. लागले का?"

भाऊ म्हणाले, "हौ. लागले."

या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक! ताई त्यांच्याच ट्रंकेवर बसून ढसाढसा रडली.