एकच दंड, मधोमध

ती घटना मी अजून विसरलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका शब्दापायी एक बाई कोठडीच्या दारापर्यंत आली होती, एवढंच.

आधी सांगते, मी अधिकारी नव्हते. माझे मालक हवालदार होते. ते गेल्यावर खात्यानं मला घेतलं. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून काम झाडलोटीचं, पाण्याचं आणि चहाचं. जालना रस्त्यावरच्या आमच्या ठाण्यात मला सगळे मावशी म्हणत. मी कमी बोलत असे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात, त्यामुळं ठाण्यातलं बरंच काही माझ्या कानावर येई.

ते टँकरचे दिवस होते. शहर करमाडच्या अंगानं वाढत चाललं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या कॉलन्यांच्या पाट्या, पाटीवर हिरवी बाग काढलेली, आणि पाटीखाली हंड्यांची रांग. रांगेत भांडणं होत, म्हणून आमचा निम्मा स्टाफ टँकरच्या बंदोबस्ताला असे. महिला शिपाई एकच होती. ती तर रोज तिथंच.

अशात एक दिवस सकाळी एक बाई तक्रार घेऊन आल्या. शहरातल्या, शिकलेल्या, बँकेत नोकरीला. घराणं जुन्या भिक्षुकांचं. बोलणं अगदी स्वच्छ. त्यांची आई वारली होती आणि वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं होतं. आईच्या सात साड्यांची गोधडी करून वडिलांच्या अंगावर घालायची, असं त्यांच्या मनात होतं. मोबाईलवर एका गोधडीवालीचं पेज त्यांनी पाहिलं आणि एका प्रदर्शनात भेटून साड्या तिच्या हवाली केल्या.

"आता ती साड्या देत नाही," त्या म्हणाल्या. "दंड मागते. उलट धमकी देते, साड्या फाटू देईन म्हणून."

फौजदारसाहेबांनी अर्ज घेतला. साहेब वयानं तरुण होते, मुंबईकडचे, पोलीस वसाहतीत वाढलेले. माणूस सरळ. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला नंतर फोन केला का?"

"नाही. मी तिला ब्लॉक केलं. आणि माझ्या पेजवर सगळं लिहून टाकलं, तिच्या फोटोसकट. लोकांना कळायला हवं."

लोकांना कळलं होतं. दोन दिवसांत ते लिखाण हजारो मोबाईलवर फिरलं होतं. जी बाई कुणी कधी पाहिली नव्हती, तिला लोक चोर म्हणत होते.

साहेबांनी अर्ज चौकशीवर ठेवला आणि त्या गोधडीवालीचं पेज उघडून बसले. मी टेबल पुसायला गेले ती तिथंच रेंगाळले. मला नवल वाटत होतं. आम्हीही आयुष्यभर गोधड्या शिवल्या. त्या कुणी मोबाईलवर बघत बसेल, हे मनातही आलं नव्हतं. त्या व्हिडिओत बाईचा चेहरा कधीच दिसत नव्हता. नुसते हात, सुई आणि कापड. ती सांगायची, "हे लुगडं बिडकीनच्या एका आजीचं हाये. याच्यावर त्यांनी चार लेकरं झोपवली. आता नातवाला चाललंय." पेजच्या वर लिहिलं होतं, 'लुगडं तुमचं, टाके माझे'.

"मावशी, फडका तसाच धरून उभ्या राहिलात," साहेब म्हणाले.

मी लाजून बाजूला झाले. पण जाता जाता त्यांनी शेवटचे शेरे वाचलेले ऐकले. एकीनं लिहिलं होतं, 'माझ्या सासूबाईंच्या साड्या परत पाठव.' दुसरीनं, 'माझीही ऑर्डर रद्द.' असे कितीतरी.

खबर दुपारी आली. करमाड फाट्यावर एक चहावाला होता, ठाण्यातल्या हवालदारांचा जुना खबऱ्या. त्यानं फोन केला. "ती गोधडीवाली पत्र्याची पेटी घेऊन उभी हाये. शहराकडच्या गाडीची वाट बघती. घराला कुलूप दिसलं."

हवालदार खूश झाले. "देखा साहेब? माल घेऊन फरार."

तासाभरात तिला पेटीसकट ठाण्यात आणलं. चाळिशीची बाई. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. बाईमाणसाची चौकशी बाईमाणसासमोरच करायची, हा नियम. महिला शिपाई टँकरवर होती. तिला निरोप गेला, पण रांगेत मारामारी झाल्यामुळं तिला निघता येईना. साहेब इकडंतिकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "मावशी, ती येईपर्यंत तुम्ही बसा इथे. बोलायचं काही नाही, फक्त बसायचं."

फक्त बसणं मला जमण्यासारखं होतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

ठाण्यात आलेल्या माणसाचे हात मी आधी बघते. तोंड शिकवता येतं, हात नाही. या बाईच्या उजव्या तर्जनीचं टोक सुईनं खरखरीत झालेलं होतं. ती पेटीवर दोन्ही हात ठेवून बसली होती, लेकराच्या पाठीवर ठेवावेत तसे.

"पेटीत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"म्याडमच्या आईची लुगडी. सात हायेत."

"घेऊन कुठे चालली होतीस?"

"द्यायला. त्यांनी फोन बंद केला माझा. पत्ता तर नाय माझ्यापाशी. प्रदर्शनात म्हणल्या होत्या, छावणीच्या बाजूला राहतो. म्हणलं जाऊन इचारावं."

"छावणी काय एक घर आहे?" हवालदार म्हणाले. "पूरे बाजार में पूछती क्या?"

"इचारलं असतं. तोंड हाये मला."

साहेबांनी मेसेजचे छापील कागद पुढं ओढले.

"हे तू लिहिलंस?"

"मी बोलले. लिव्हलं फोननं. मला जोडाक्षरं येत नाय नीट. फोनला बोललं की तो लिवतो. रेंज फक्त गावच्या टाकीच्या जिन्यावर हाये. टाकीत पाणी नाय, पण रेंज हाये."

साहेबांनी वाचून दाखवलं. "'एका लुगड्याला दंड घालावा लागंल. तुमी हो म्हणा, मंग पुढलं काम.' बरोबर?"

"व्हय."

"त्यावर बाईंनी लिहिलं, 'कसला दंड? मी एकही दंड देणार नाही.' मग तू लिहिलंस, 'दंड घातल्याबिगर नाय टिकायचं. तसंच फाटू द्यायचं का?' हेही तुझंच?"

"माझंच. काय चुकलं त्याच्यात?"

साहेबांचा आवाज चढला. "काय चुकलं? दंड कशाबद्दल मागितलास?"

"इरलं होतं म्हणून."

"कोण?"

"लुगडं."

"दंड किती?"

"एकच."

हवालदार जबाब लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "एक काय? एक हजार का एक लाख?"

ती गोंधळली. "एकच, साहेब. एका लुगड्याला दोन कशाला लागतेत?"

"साहेब, मी काय लिहू? 'रक्कम: एक'?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे बघ बाई, हा खंडणीचा गुन्हा होतो. शहाणपणा करशील तर आत बसशील. कुठे द्यायचा होता दंड, कुणाच्या हातात?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती खालच्या आवाजात ठाम बोलली. "हातात कसा दील कुणी? मधोमध, साहेब. जिथं इरलं तिथं."

मधोमध म्हणाली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोवर मीसुद्धा पैशाचाच दंड धरून बसले होते. बावीस वर्षं ठाण्यात काढली की दंड म्हटल्यावर पावतीच दिसते. माझ्या आईचा दंड मी ठाण्याच्या दाराबाहेर विसरून आले होते.

बोलायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. नुसतं बसायचं होतं. साहेबांपुढं आपणहून मी कधी तोंड उघडलं नव्हतं. चहा ठेवू का, हेही मी हातानं विचारत असे. पण समोर तिचा जबाब लिहिला जात होता, आणि एकदा कागदावर उतरला की वर 'वाचून पाहिला, बरोबर आहे' असं लिहून खाली सही घेतात. ती सही बाईला कुठं नेते, हे मी पाहिलेलं होतं.

मी उठले आणि टेबलावरचा माझा पुसायचा फडका उचलला. माझ्याच जुन्या लुगड्याचा होता. मधून घासून जाळी झालेला, दोन्ही टोकांना अजून घट्ट. मी तो साहेबांच्या समोर टरकन फाडला.

हवालदार म्हणाले, "मावशी, काय करताय?"

मी मधली जाळीची पट्टी फाडून वेगळी केली. राहिलेले दोन चांगले तुकडे एकाला एक लावून धरले. "साहेब, हा दंड," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "लुगडं मधी इरलं, झिजून गेलं, की इरलेला भाग काढायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची. त्या जोडाला दंड म्हणतेत. दंड घालायचा म्हणजे शिवायचं. पैसे नाहीत त्याच्यात."

साहेबांनी फडक्याचे तुकडे हातात घेतले, जोडले, परत सोडले. मग कागदावरचा मेसेज पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. वाचता वाचता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"हवालदार, तुम्ही इथलेच ना? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"साहेब, आमच्याकडं सुई बायकोच्या हातात."

गोधडीवाली माझ्याकडं बघत होती. "मंग म्याडमला काय वाटलं?" तिनं विचारलं. साहेबांनी सांगितलं. "मला वाटलं, आईच्या लुगड्याला कातर नाय लावू द्यायची त्यांना," ती म्हणाली. "म्हणून मी कामच थांबवलं. बरोबर हाये त्यांचं, असं म्हणले मनात."

साहेबांनी तक्रारदार बाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या त्या रागातच. "पैसे देऊन तडजोड करणार नाही," असं दारातच म्हणाल्या. साहेबांनी वाद घातला नाही. पंच बोलावले आणि पेटी उघडायला लावली.

साती साड्या नीट घडी केलेल्या होत्या. घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला. प्रत्येकीला चिंधीची पट्टी टाचलेली, पट्टीवर रंगीत दोऱ्यानं आकडा. तळाशी एक हिरवं नऊवारी होतं. गोधडीवालीनं ते उलगडून उजेडात धरलं. मध्यभागी कापड इतकं विरलं होतं की पलीकडची खिडकी दिसत होती.

"हे इथं," ती म्हणाली. "इथं दंड घालायचा म्हणलं होतं मी."

तक्रारदार बाई त्या जागेकडं बघत राहिल्या. साहेबांनी शब्द समजावून सांगितला. माझे फडक्याचे तुकडेही दाखवले. त्यांना पटलं की नाही, कळत नव्हतं. "असा शब्द मी कधी ऐकला नाही," त्या पुटपुटल्या. "आमच्या घरात कुणी वापरत नाही."

तेव्हा गोधडीवालीनं लुगडं पदराच्या बाजूला सरकवलं आणि बोटानं एक बारीक रेघ दाखवली. हिरव्यावर हिरवाच दोरा, टाके मुंगीच्या पावलासारखे.

"हा पहिला दंड, ताई. तुमच्या आईनंच घातलेला दिसतोय. मशीन नाय, हातशिलाई हाये. लई सुरेख हात होता त्यांचा. म्हणून तर मी इचारलं. त्यांच्या दंडाशेजारी माझा चालंल का, म्हणून."

बाई खुर्चीत बसल्या. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. ठाण्यात रडणारे खूप येतात, आपण नजर दुसरीकडं करतो. मीही केली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आई हे सणाला नेसायची. आम्हाला नवीन घ्यायची आणि स्वतः हे नेसायची. मला वाटायचं, तिला आवडतं म्हणून." मग गोधडीवालीकडं वळून म्हणाल्या, "घाला तुम्ही दंड."

अर्ज निकाली निघाला. पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, कागद मी बंद केला. तुमच्या पेजवरचा कसा बंद करणार?"

बाईंनी ते लिखाण लगेच काढून टाकलं. गोधडीवाली म्हणाली, "नुसतं काढून काय व्हतंय? ज्यांनी वाचलं त्यांच्या मनातून कोण काढील? तुमी तिथंच सांगा, जिथं नाव घेतलं." मला तिचं नवल वाटलं. रडणारी बाई, पण बाजार तिला बरोबर कळत होता.

ठाण्याच्या आत चित्रीकरण चालत नाही. म्हणून आवारातल्या लिंबाखाली सतरंजी टाकली. बाईंनी स्वतः मोबाईल धरला आणि आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली. गोधडीवालीनं दोरा ओवला. लुगडं ताणून धरायला दुसरं माणूस लागतं, म्हणून तिनं मला हाक मारली. "मावशी, टोक धरा. व्हिडिओत तोंड नाय येत, नुसते हात येतेत." मी धरलं.

रद्द केलेल्या ऑर्डरींपैकी काही परत आल्या, काही आल्याच नाहीत. हे तिनंच मला पुढं सांगितलं. पण वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी गोधडी पोचली आणि पेज बंद पडलं नाही.

या घटनेपासून साहेबांनी एक सवय लावून घेतली. जबाबावर सही घेण्याआधी ते समोरच्याला विचारत, "या शब्दाला तुमच्याकडे काय म्हणतात? काय अर्थ होतो?" हवालदार वैतागत, कारण एका जबाबाला दुप्पट वेळ लागे. मला वाटतं, माणूस खोटं बोलतोय की आपल्याला त्याची भाषा येत नाही, हे ओळखण्यात पोलिसाची निम्मी अक्कल असते. आणि मी काय शिकले, तर गप्प बसणं हा गुण असला तरी दर वेळी नाही.

तो फडका मी त्याच संध्याकाळी घरी नेऊन जोडला. निवृत्त होईपर्यंत त्यानंच टेबल पुसलं. साहेब बदलत गेले. नव्या साहेबाच्या बोटाला ती शिवण लागली की कुणी कुणी विचारी, "मावशी, हे काय?"

मी सांगे, "दंड हाये, साहेब. भरलेला."