नाताळचा बर्फ आणि वादीतला रस्ता

“मॅडम, पंचवीसला बर्फ पडणार की नाही, एवढंच सांगा. आम्हाला बस ठरवायचीय.”

फोनवर फिलोमिना सिस्टर होत्या. मी ऑफिसात तीन स्क्रीन उघडून बसले होते आणि तिन्ही स्क्रीनवर तीन वेगळी उत्तरं होती.

“उद्या सांगते,” म्हटलं.

“तुम्ही कालपण हेच म्हणालात.”

खरं होतं ते.

मी हवामानाची फोरकास्टर आहे. पुण्यात हेच काम करत होते. नवऱ्याला, अविनाशला, तबुकच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली, तेव्हा लेकीला घेऊन मीही आले. पुढे मलाही इथे काम मिळालं. सौदी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना वाळू आणि उंट दिसतात. पण तबुक देशाच्या वायव्य टोकाला आहे आणि तिथून गाडीने जाण्यासारख्या अंतरावर जबल अल-लौझ हा मोठा डोंगर आहे. लौझ म्हणजे बदाम. हिवाळ्यात कधीतरी त्याच्या माथ्यावर बर्फ पडतो. पडला की सगळं शहर गाड्या काढून तिकडे धावतं.

त्या डोंगरात एका कंपनीचं बांधकाम चालू आहे. त्यांना रोज सकाळी हवामान सांगायचं, हे माझं काम. काँट्रॅक्टप्रमाणे माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत, वारा आणि वीज. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की क्रेन बंद. वीज जवळ आली की माणसं खाली. बाकी कशाशी माझा संबंध नाही, असं कागद म्हणतो.

फिलोमिना सिस्टर अविनाशच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायच्या. मूळच्या वसईच्या. इथे त्यांची निम्मी हयात गेली, पण ड्यूटी आणि झोप यांतून डोंगरावरचा बर्फ पाहायचं कधी जमलंच नाही. जानेवारीत त्यांचं फायनल एक्झिट होतं, म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचं घरी जायचं. त्यांच्याबरोबरच्या केरळच्या आणि फिलिपीन्सच्या नर्सेसनी ठरवलं होतं, सिस्टरचा इथला शेवटचा नाताळ बर्फात करायचा. ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. केकसाठी सुकामेवा भिजवून ठेवला होता. मी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

हो म्हणण्यासारखं बरंच होतं. उत्तरेकडून थंड हवा येत होती, तांबड्या समुद्रावरून बाष्प येत होतं आणि दोघांची गाठ नेमकी पंचवीसच्या दुपारी पडणार होती. हवामानाची मॉडेल्स, म्हणजे पुढच्या दिवसांची हवा गणिताने मांडणारे कॉम्प्युटरचे प्रोग्राम, बर्फाबद्दल एकमेकांशी सहमत व्हायला लागली होती. भांडण एवढंच होतं की बर्फ डोंगरावर किती खालपर्यंत येईल. एक म्हणत होतं पायथ्यापर्यंत. एक म्हणत होतं अर्ध्यापर्यंत. तिसरं म्हणत होतं फक्त माथ्यावर.

वाचणाऱ्याला वाटेल, काय फरक पडतो? फरक हा की बर्फ पडतो तिथे बसून राहतो. पाऊस बसत नाही. त्या डोंगरांवर झाड नाही, माती नाही, नुसता उघडा खडक. पाणी पडलं की सरळ खाली. आणि साइटकडे जाणारा रस्ता दोन डोंगरांमधल्या कोरड्या नदीच्या पात्रातून जातो. अशा पात्राला इथे वादी म्हणतात. एरवी तिथे शेळ्या हिंडतात. वर पाऊस झाला की तीच वादी बघता बघता दोन्ही काठ भरून वाहते. खाली ऊन असतं, त्यामुळे खालच्या माणसाला काही कळतही नाही.

म्हणजे बर्फ जितका खाली येईल तितकी वादी सुरक्षित. नर्सेसची बस आणि साइटवरची माणसं, सगळ्यांची वाट तीच.

हा प्रश्न माझ्या स्क्रीनवर सुटणारा नव्हता. त्यासाठी डोंगरावर उभा असलेला माणूस हवा होता, आणि माझ्या सुदैवाने तो होता. अबू फहद. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तबुकमध्ये हवामानाचं वेड असलेल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. डिसेंबर लागला की त्यांना झोप नसते. ढगांचे फोटो, मॉडेलचे नकाशे, पैजा, वादावादी. अबू फहद त्या सगळ्यांचे गुरुजी. मी नवीन असताना तोडक्यामोडक्या अरबीत ग्रुपवर एक प्रश्न विचारला होता. इतर हसले. यांनी मात्र सावकाश इंग्रजीत पानभर उत्तर लिहिलं. तेव्हापासून ते मला मुलीच्या नावाने ‘उम्म सई’ म्हणतात. उम्म म्हणजे आई.

मी त्यांना फोन केला. “अबू फहद, उद्या वर जाणार आहात?”

“उम्म सई, मी वरच आहे. चहा उकळतोय.”

“वेट बल्ब घेऊन सांगाल? अर्ध्या उंचीवर, जिथे रस्ता वळतो तिथे.”

वेट बल्ब म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर. फडक्यातलं पाणी उडताना जसा तो गार होतो, तसाच पडणारा थेंबही हवेतून येताना गार होतो. त्यामुळे पाऊस होणार की बर्फ, हे साध्या थर्मामीटरपेक्षा त्याच्यावरून बरं कळतं.

चोवीसला दिवसभर त्यांचे आकडे येत राहिले. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. हवा मॉडेलच्या हिशेबापेक्षा उबदार आणि दमट होती. समुद्रावरचं बाष्प लवकर पोहोचलं होतं. बर्फ पडणार, पण फक्त वर. खालच्या मोठ्या उतारावर पाऊस.

मी सिस्टरना फोन केला. “बर्फ पडेल, सिस्टर. पण तुम्ही जाऊ नका.”

 त्या म्हणाल्या, “मॅडम, मला परत नाताळ नाही हो इथे.”

“माहितीये. तरी नका जाऊ. रस्त्याला पाणी येईल.”

“बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या आवाजाने माझा जीव तुटला.

पंचवीसच्या सकाळी दुसरी लढाई. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मिस्टर नबील, लेबनॉनचे. त्या दिवशी साइटवर मोठी लिफ्ट होती, म्हणजे मोठ्या क्रेनने लोखंडी सांगाडा उचलून जागेवर बसवायचा होता. क्रेन मुश्किलीने मिळालेली. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे जाणार होती. माणसं वर पोहोचलेली.

“वारा किती?” त्यांनी विचारलं.

“मर्यादेच्या आत.”

“वीज?”

“शक्यता कमी.”

“मग यल्ला, काम सुरू करू.”

“मिस्टर नबील, माणसं दुपारच्या आत वादीतून खाली यायला हवीत.”

“रस्ता तुमच्या स्कोपमध्ये नाही, मॅडम.”

“नाही. पण माणसं परत रस्त्यानेच येणार आहेत.”

ते खुर्चीत मागे टेकले. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. सिस्टरनी निळ्याभोर आकाशाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘हे बघा तुमचं वादळ.’ मी फोन उलटा ठेवला.

“तुमची खात्री किती?” नबीलनी विचारलं.

“दहात सहा. सात म्हणाले तर खोटं होईल.”

“आणि उरलेल्या चारातलं एक निघालं तर? मी क्रेन घालवली, उन्हात माणसं बसवली, आणि माझ्या साहेबांना काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

 त्यांनी वॉकीटॉकी उचलला आणि साइटला सांगितलं, “लिफ्ट खलास. सगळे खाली. आत्ता.” माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं नाव नाही सांगणार. निर्णय मी घेतलाय.”

इतकी वर्षं नोकरी केली, असं वाक्य फार थोड्या साहेबांच्या तोंडून ऐकलं.

शेवटची बस वादीच्या बाहेर आली तेव्हा डोंगरावर काळं झालं होतं. मी अबू फहदना फोन लावला. ते परतत नव्हते. माझा अंदाज खरा धरून वादीच्या तोंडाशी उंचवट्यावर त्यांनी आपली जीप आडवी लावली होती आणि बर्फ बघायला शहरातून येणाऱ्या गाड्या ते परत पाठवत होते. “बायका-मुलं घेऊन येतायत, उम्म सई. ऊन आहे म्हणतात. मी त्यांना सांगतो, मी तुझ्या बापाला भूगोल शिकवलाय, गाडी वळव.”

हसू आलं. मग त्यांचा फोन लागेना.

दुपारी पाणी आलं. साइटच्या सुपरवायझरने लांबून काढलेला व्हिडिओ मी पाहिला. चहासारखं तपकिरी पाणी, त्यात दगड गडगडत येतायत, आणि ज्या रस्त्याने आमच्या बस आल्या होत्या तो जागेवर नाहीच. एक रिकामा वॉटर टँकर खेळण्यासारखा आडवा झाला. ड्रायव्हर आधीच बसमध्ये चढून खाली आला होता.

अबू फहदचा फोन बंदच. मी दर थोड्या वेळाने लावत होते. हवामानाच्या ग्रुपवरही एरवीची वादावादी थांबली होती. सगळे त्यांचंच विचारत होते. मनात येत होतं, या माणसाला मी आकड्यांसाठी वर उभं केलं. ते माझ्या सांगण्यावरून गेले नव्हते, आधीच वर होते, हे कळत होतं; पण काळजीला हिशेब कुठे कळतो? अविनाश घरी आला, त्याने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि शेजारी बसून राहिला.

अंधार पडता पडता त्यांच्या मुलाचा ग्रुपवर मेसेज आला. वडील सुखरूप. पाण्याने मोबाइलचा टॉवर बंद पडला होता. सिव्हिल डिफेन्सच्या लोकांनी त्यांना उंचवट्यावरून उतरवून घेतलं. पाठोपाठ अबू फहदचा स्वतःचा मेसेज आला. त्यात तब्येतीचं अवाक्षर नव्हतं. माथ्यावरच्या बर्फाचा फोटो होता आणि खाली, ‘वेट बल्ब शून्य. अल्हम्दुलिल्लाह.’

मी ताटावर बसूनच रडले.

दुसऱ्या दिवशी नबील माझ्या टेबलाशी आले. क्रेन गेली होती, काम लांबलं होतं, वरून त्यांना बोलणीही बसली असणार. त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, “त्या नर्सेस होत्या ना तुमच्या ओळखीच्या? आमचे लोडर रस्ता साफ करतायत. परवानगी मिळाली की साइटची बस घेऊन जा त्यांना.”

नाताळ उलटून गेल्यावर, कोवळ्या उन्हात आम्ही वर गेलो. बराच बर्फ वितळला होता. पण उत्तरेच्या सावलीत, खडकांच्या मागे, पांढरा पट्टा शिल्लक होता. केरळच्या मुली ओरडत धावल्या. फिलोमिना सिस्टर सावकाश गेल्या, वाकल्या, मूठभर उचलला आणि गालाला लावला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “हा तर आमच्या आगरातल्या मिठासारखा दिसतो.”

मग माझा हात धरून म्हणाल्या, “तो फोटो मी उगीच पाठवला हो.”

“फोटो बरोबर होता,” मी म्हटलं. “ऊन खरंच होतं.”

केक कापला. पहिला तुकडा त्यांनी अबू फहदना दिला. त्यांनी दाढीला क्रीम लागू न देता तो खाल्ला आणि सगळ्यांना बर्फाचे प्रकार समजावून सांगायला लागले. शिक्षक तो शिक्षकच.

आता माझ्या रोजच्या अंदाजात वारा आणि वीज यांच्याखाली तिसरी ओळ असते, रस्ता. नबीलनी ती काँट्रॅक्टमध्ये घालून घेतली. लोक मला विचारतात, अंदाज बरोबर कसा आला? मी सांगते, दहातल्या चार वेळा तो चुकलाच असता. अंदाज काढणं शिकता येतं. तो चुकू शकतो हे माहीत असूनही ऐकणारी माणसं मात्र मिळावी लागतात. मला एकाच आठवड्यात तीन मिळाली, सिस्टर, नबील आणि अबू फहद.