राखीव खोट

चेकरबाईंशी बोलताना माणूस थोडा अवघडायचा. आपण बोलत असायचो आणि त्यांची नजर कॉलरवरून बटणपट्टीवर, तिथून बाहीच्या टोकापर्यंत सावकाश उतरत असायची. नवख्याला वाटे, बाई लाजाळू आहेत. त्या शिवण तपासत असत. तयार कपड्यांच्या कारखान्यात, शेवटच्या टेबलापाशी त्यांची उभी हयात गेली होती. शिवून आलेला शर्ट त्यांच्या हाताखालून जायचा. सुटलेला धागा, तिरका खिसा, सैल बटण दिसलं की खडूची खूण करून त्या तो मागे पाठवायच्या. लग्न केलं नव्हतं. "एक आला होता पसंतीला उतरण्यासारखा," त्या सांगत, "पण त्याच्या दोन्ही बाह्या सारख्या नव्हत्या." ही थट्टा की खरं, इतकी वर्षं शेजारी राहूनही मला उलगडलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना फावला वेळ फार झाला. भाजी त्या मूठ-मूठ आणायच्या, म्हणजे रोज बाहेर पडावं लागतं. इमारतीतल्या सगळ्यांची बटणं लावून द्यायच्या. लोक शर्ट देऊन जात, संध्याकाळी घेऊन जात. "चहा टाकते, बसा," असं त्या दारातच म्हणत आणि समोरचा "नको हो, घाईत आहे," असं जिन्यातूनच म्हणे. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर इस्त्रीचे कपडे असत, आणि ते हलवायची वेळ क्वचितच येई.

त्यांची एक भाची होती, मेलेल्या बहिणीची मुलगी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. फोन करायची, पण एकीकडे कॉम्प्युटरवर बोटं चालू असायची आणि ती टकटक यांना ऐकू यायची. भाची ज्या कंपनीत होती ती दुकानांत, हॉटेलांत गुपचूप गिऱ्हाइकं पाठवायची. गिऱ्हाइकानं साध्या माणसासारखं जायचं, सगळं बघायचं, घरी येऊन अहवाल लिहायचा. मालकाला कळतं, आपल्या पाठीमागे दुकान कसं चालतं ते. एक दिवस भाचीचा फोन आला.

"मावशी, नावं ठेवायचं काम आहे. नाहीतरी फुकट ठेवतेस, आता कंपनीतर्फे ठेव."

"कुणाला?"

"मुलांचं खेळघर आहे एक. घसरगुंड्या, चेंडूंचा हौद, चढायच्या जाळ्या. महिन्यातून एका रविवारी जायचं."

"मी? या वयात हौदात उडी मारू?"

"तू नाही गं! एकट्या मोठ्या माणसाला आत सोडतच नाहीत तिथे. भिंगरीला घेऊन जा. आजी-नात शोभाल."

भिंगरी म्हणजे भाचीची मुलगी. वय सातच्या आसपास, एका जागी न ठरणारी, म्हणून ते नाव. चेकरबाईंनी तिला तोवर घरगुती कार्यक्रमांत लांबून पाहिलेलं. पहिल्या रविवारी दोघी बसमध्ये शेजारी बसल्या आणि बराच वेळ एकमेकींच्या चपलांकडे बघत राहिल्या. मग भिंगरीनं कानाशी तोंड आणून विचारलं,

"मावशीआजी, आपण चोर आहोत का?"

"नाही गं बाई."

"मग पोलीस?"

"पोलीसही नाही. आपण गिऱ्हाईक."

"शी! पोलीस छान होतं."

पण बस थांबेपर्यंत तिनं ठरवून टाकलं की आपण गुप्त पोलीसच आहोत, आणि खेळघराच्या दारात इतका साधाभोळा चेहरा केला की कुणालाही संशय यावा.

चेकरबाईंच्या नजरेतून तिथे काही सुटलं नाही. तिकीट देणारा मान वर करत नाही. पालकांना बसायचे बाक अशा जागी, की तिथून घसरगुंडीचं टोक दिसत नाही आणि प्रत्येक आई उभीच. मुलांच्या स्वच्छतागृहाची कडी मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. घसरू नये म्हणून जे रबरी तळव्यांचे मोजे देतात, ते ओले. त्या अहवाल लिहून शुद्धलेखन बघायला माझ्याकडे आणत. वाचताना वाटे, आपण स्वतः तिथे उभे आहोत. आणि पुढच्या खेपेला खरंच बाक हलवलेले असायचे, कडी खाली आलेली असायची. मोजे देणारी मुलगी, हिला भिंगरी मोजेवाली म्हणे, आता कोरडे, ऊन लागलेले मोजे हसून पुढे करायची. मालकानं भाचीच्या कंपनीला कळवलं की पैसे वसूल झाले.

तो रविवार मग चेकरबाईंच्या महिन्याचा कणा झाला. आठवडाभर आधी त्या केस धुवायच्या बेतात असत. भिंगरीचा मोजा घालताना तिचा पाय मांडीवर घेता येई. चेंडूंच्या हौदातून ती दर थोड्या वेळानं डोकं वर काढून ओरडे, "मावशीआजी, बघतेयस ना?" आणि या म्हणत, "बघतेय!" त्यांच्याकडे कुणी असं लक्ष मागितल्याला किती काळ लोटला होता, कोण जाणे. घरी सोडताना भाची दारातच अहवालाचं विचारी. यांनाही आत बोलवावं, हे तिला घाईत सुचत नसे. भिंगरीसाठी जीव झुरतो, हे चेकरबाई बोलल्या नाहीत. काम आहे म्हणून मुलगी मिळते, एवढं त्यांना पुरत होतं.

अडचण अशी झाली की खेळघर सुधारत गेलं. अहवाल आखूड होऊ लागले. एकदा भाची फोनवर म्हणाली, "मालक विचारतोय, आता या सगळ्याचा उपयोग काय? बघू, एक-दोन महिने."

त्या संध्याकाळी चेकरबाई माझ्याकडे आल्या आणि आपणहून कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. तिथे एखाद्या तपासनिसाला दिवसभरात एकही खोट सापडली नाही तर मुकादम येऊन विचारायचा, "बाई, झोप लागली होती का?" माल चांगला असू शकतो, हे त्याच्या डोक्यात बसत नसे. मग सगळ्या बायका एक युक्ती करत. दोष जास्त सापडले त्या दिवशी एखादा किरकोळ दोषाचा शर्ट टेबलाखाली ठेवून द्यायचा. कोरड्या दिवशी तो बाहेर काढायचा. "त्याला आम्ही राखीव खोट म्हणायचो," त्या म्हणाल्या. "त्यानं कुणाचं नुकसान होत नव्हतं. शर्ट खोटा नसायचा, फक्त दिवस दुसरा असायचा."

"मग आता टेबलाखाली काय ठेवलंय?" मी विचारलं.

त्या ओशाळून हसल्या. "लाल गाडी आहे एक. मुलं आत बसतात, जागच्या जागी हलते. तिचा भोंगा वाजत नाही. भिंगरी तिला मुकी गाडी म्हणते. किती दिवस झाले, मी लिहिलेलं नाही."

पुढच्या रविवारी भिंगरी तापातून उठलेली होती. उतरलेला चेहरा, पण जायचंच म्हणून हट्ट. चेकरबाईंनी त्या दिवशी काहीही तपासलं नाही. मुलगी चढताना हात धरू की नको, घाम आला की ताप, एवढ्यातच त्यांचे डोळे गुंतलेले. दुपार उलटल्यावर भिंगरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बाकावरच झोपून गेली. यांनी पाय हलवला नाही. आजूबाजूला घंटा वाजत होत्या, मुलं किंचाळत होती. त्या मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारत बसल्या होत्या. "इतकं चांगलं मी कधी बसले नाही हो," त्या मला म्हणाल्या.

घरी येऊन अहवाल लिहायला बसल्या तर लिहायला काही नव्हतंच. सगळं उत्तम लिहावं, तर रविवार संपला. त्यांनी टेबलाखाली हात घातला. लाल गाडीचा भोंगा बंद आहे, मुलांचा विरस होतो, असं ठसठशीत लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

चार-पाच दिवसांनी भाची स्वतः आली, भिंगरीला न घेता. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे हलवायला चेकरबाई धावल्या, पण ती उभीच राहिली. भिंत पातळ असल्यामुळे तिचा आवाज माझ्याकडे स्पष्ट येत होता.

"मावशी, तू गेली होतीस ना रविवारी?"

"म्हणजे काय? भिंगरीला विचार."

"तेच तर! ती म्हणते, गेलो होतो. मालक म्हणतो, लाल गाडी आमच्याकडे नाहीच. गेल्या महिन्यातच काढून टाकली, तिथे आता झोपाळा आहे. तो मला सगळ्यांसमोर म्हणाला, तुमची माणसं घरी बसून लिहितात का? तोंडावर पडले मी!"

चेकरबाई खुर्चीवरचे कपडे उचलत असल्याची सळसळ ऐकू आली.

"एवढा मोठा झोपाळा तुला दिसला नाही? तुला? माझ्या शाळेच्या गणवेशाचा एक टाका उसवला तर लांबून दिसायचा तुला."

"मी भिंगरीकडे बघत होते."

"आणि गाडी?"

मग चेकरबाईंनी सगळं सांगितलं, राखीव खोटीसकट.

"मालकानं काम बंद केलंय," भाची शेवटी म्हणाली. आवाज खाली आला होता. "तो म्हणतो, आता त्याची माणसं आपणच बघून दुरुस्त करतात. ती मोजेवाली रोज सकाळी सगळं फिरून बघते म्हणे. तू शिकवलंस तिला, न सांगता." मग थांबून, "मुलगी हवी होती तर नुसतं सांगायचंस की गं."

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

माझ्या मते तिनं तिथे खोटं उत्तर दिलं नाही, हे चांगलं केलं.

"माहीत नाही, मावशी. मला सुचलंच नसतं. माझा दिवस कसा जातो तुला माहीत आहे." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे ती बसली असावी. "आता रविवारी तिला पोहायला घातलंय. यायचं तर ये. वर बसायला बाक आहेत."

चेकरबाई गेल्या. मला दाखवायला आल्या होत्या जाण्याआधी, साडीचा पदर नीट आहे का म्हणून. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलं. तलावाच्या दारात भिंगरी भेटली, खांद्यावर टॉवेल. यांना बघून तिचे डोळे चमकले. आवाज दाबून तिनं विचारलं,

"इथे काय तपासायचंय?"

"काही नाही."

"काहीच नाही? मग कशाला आलीस?"

"तुला बघायला."

भिंगरीनं जरा विचार केला. "बरं," म्हणाली, आणि तिच्या वयाच्या मुलींचा घोळका दिसला तशी पळाली.

वरच्या बाकांवर आया बसल्या होत्या, आपापल्या फोनमध्ये. चेकरबाई कठड्याजवळ बसल्या. खाली मुलं एकामागून एक पाण्यात उतरली. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच निळ्या रंगाच्या टोप्या, डोळ्यांवर सारखेच काळे चष्मे. पाणी उडत होतं, छताखाली आवाज घुमत होता. त्या एका टोपीवरून दुसऱ्या टोपीवर नजर नेत राहिल्या. ही असेल, नाही, ती बाजूची. शिक्षक शिट्टी वाजवत आणि सगळ्या टोप्या एकदम जागा बदलत. शेजारच्या बाईला विचारावं असं त्यांना वाटलं, पण काय विचारणार, आमची मुलगी यातली कोणती?

मधेच पलीकडच्या कडेला एका टोपीखालून हात वर आला आणि हलला. कुणाला होता ते कळायला मार्ग नव्हता. वर बाकांवर बऱ्याच आया होत्या, आणि त्यातली एकही त्या क्षणी खाली बघत नव्हती. चेकरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हात उंच केला आणि खालचा हात पाण्यात जाईपर्यंत हलवत राहिल्या.